ग्रंथी घडवणारी जनुकं कर्करोगाच्या अहवालात काय सांगतात?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय ७१) प्रोस्टेटच्या बायोप्सीत कर्करोगाचं निदान झालं. अहवालात खाली एक ओळ आहे : ‘पी-६३ दिसत नाही, एएमएसीआर ठळक.’ शोधल्यावर कळलं, की पी-६३ नसलेल्या उंदरांना प्रोस्टेट तयारच होत नाही. म्हणजे जे जनुक ग्रंथी घडवतं, त्याच्याच नसण्यावरून कर्करोग ओळखतात का? शरीरातल्या सगळ्या पेशींत जनुकं सारखीच असतात, असं आम्ही शाळेत शिकलो. मग ते एका पेशीत दिसतं आणि शेजारच्या पेशीत दिसत नाही, हे कसं? — एक वाचक, सातारा

उत्तर : शाळेत शिकलात ते बरोबरच आहे. वडिलांच्या डोळ्यातल्या, यकृतातल्या आणि प्रोस्टेटमधल्या पेशींत जनुकांचा मूळ संच एकच असतो. प्रथिनं बनवणारी जनुकं माणसात साधारण वीस हजार आहेत. कुठल्या पेशीत त्यातली कोणती वापरात आहेत, एवढाच फरक. जनुक वापरात आलं, की त्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघते आणि बहुतेक वेळा त्या नकलेवरून प्रथिन बनतं. याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. पॅथॉलॉजिस्टनी काचपट्टीवर पाहिलं ते पी-६३चं प्रथिन. त्याचं जनुक तिथल्या प्रत्येक पेशीत आहे. काही पेशींत ते वापरात आहे आणि काहींत नाही.

तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर मात्र गर्भापासून सुरू करावं लागेल.

गर्भ आठ आठवड्यांचा होतो त्या सुमारास मुलाच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन तयार होऊ लागतं. तेव्हा प्रोस्टेटचा मागमूसही नसतो. मूत्राशयाच्या खाली एक साधी नळी असते. तिला आतून पेशींचं अस्तर असतं आणि भोवती मऊ, अजून आकार न घेतलेली ऊती. दहाव्या आठवड्याच्या आसपास त्या अस्तराला कोंब फुटतात, भोवतालच्या ऊतीत घुसतात, त्यांना फांद्या फुटतात. हीच प्रोस्टेट. टेस्टोस्टेरॉन तिथे जसंच्या तसं काम करत नाही. ५-अल्फा-रिडक्टेज नावाचं विकर आधी त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करतं. हे संप्रेरक पेशीतल्या अँड्रोजेन-ग्राहकाला चिकटतं, ग्राहक डीएनएवर ठराविक जागी जाऊन बसतो आणि तिथली जनुकं वापरात येतात.

आता प्रश्न असा, की संप्रेरकाचा हुकूम नक्की कोण ऐकतं? कोंब अस्तराला फुटतात, म्हणजे अस्तरच ऐकत असेल असं कुणालाही वाटेल. अमेरिकी शास्त्रज्ञ जेराल्ड कुन्हा यांनी हे तपासायला १९७० आणि ८०च्या दशकांत प्रयोगांची एक मालिकाच केली. उंदरांचा एक प्रकार असा असतो, की त्यांच्यात अँड्रोजेन-ग्राहक निकामी असतो. कुन्हांनी अशा उंदराचं अस्तर आणि निरोगी उंदराची भोवतालची ऊती एकत्र केली आणि दुसऱ्या जोडीत याच्या उलट केलं. मग या जोड्या नर उंदरांच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली वाढवल्या. अस्तर ग्राहकाविना आणि ऊती निरोगी असेल, तर प्रोस्टेटच्या नलिका तयार झाल्या. ऊती ग्राहकाविना असेल तर झाल्या नाहीत, मग अस्तर कितीही धडधाकट असो. म्हणजे हुकूम ऐकते ती भोवतालची ऊती, आणि मग ती अस्तराला वाढायला लावते. त्यांनी याही पुढे जाऊन दाखवलं, की प्रौढ प्राण्याच्या मूत्राशयाचं अस्तर या गर्भऊतीच्या सहवासात ठेवलं तर तेही प्रोस्टेटसारखं होऊ लागतं. माझ्या मते प्रोस्टेटच्या साऱ्या अभ्यासात इतका सुंदर प्रयोग दुसरा नाही. पेशी काय होणार हे तिच्या शेजारावरही ठरतं, हे त्यात डोळ्यांनी दिसलं. ग्राहक नसलेल्या अस्तरापासून नलिका बनल्या खऱ्या, पण त्यांतून प्रोस्टेटचे नेहमीचे स्राव नीट तयार झाले नाहीत. त्या कामासाठी अस्तराचा स्वतःचा ग्राहक लागतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढच्या प्रश्नात, पीएसएच्या संदर्भात ती पुन्हा लागेल.

हे सगळं उंदरापुरतं नाही. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत, मुलगी म्हणून वाढत आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. ज्युलिअन इम्पेराटो-मॅक्गिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याचं कारण प्रसिद्ध केलं : ५-अल्फा-रिडक्टेजची कमतरता. या पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर इवलीशी राहते, असंही दिसून आलं. त्या एका निरीक्षणातून हे विकर रोखणाऱ्या औषधाची कल्पना पुढे आली. ते औषध फिनास्टेराइड. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी अमेरिकेत त्याला १९९२मध्ये मान्यता मिळाली आणि आज आपल्या घराघरांतल्या आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यात ते किंवा त्याचं भावंड ड्युटास्टेराइड सापडतं.

अस्तर कोंब धरायच्या तयारीत आलं, की त्यात काही खास जनुकं वापरात येतात. एनकेएक्स ३.१ हे त्यातलं फार लवकरचं. उंदराच्या गर्भात कोंब दिसायच्या आधीच ते जागं झालेलं असतं, म्हणजे इथे प्रोस्टेट होणार हे आधी त्याच्यावरून कळतं. होक्सबी-१३ हे दुसरं. शरीराचा डोक्यापासून शेपटीपर्यंतचा आराखडा ठरवणाऱ्या जनुकांच्या घराण्यातलं हे शेपटीकडचं. आणि तिसरं तुमचं पी-६३.

तयार प्रोस्टेटच्या प्रत्येक ग्रंथिकेत पेशींचे दोन थर असतात. आतल्या पोकळीकडे स्राव बनवणाऱ्या पेशी आणि त्यांच्या बाहेरून तळपेशींचा थर. पी-६३ वापरात असतं ते या तळपेशींत. पॅथॉलॉजिस्ट पी-६३ला चिकटणारी प्रतिपिंडं टाकून तो भाग रंगवतात. निरोगी ग्रंथिकेभोवती तपकिरी केंद्रकांची माळ उठून दिसते. प्रोस्टेटच्या नेहमीच्या कर्करोगात कर्कपेशी ग्रंथिकेसारख्या दिसणाऱ्या रचना करतात खऱ्या, पण त्यांना तळपेशींचा थर नसतो. म्हणून माळ दिसत नाही. तेव्हा तुम्ही म्हणता ते खरं आहे : ज्या जनुकावाचून ही ग्रंथी उंदरात घडलीच नाही, त्याच्या गैरहजेरीवरून कर्करोग ओळखतात. मात्र एक काळजी घ्या. पी-६३ गेलं म्हणून कर्करोग झाला, असा अर्थ त्या ओळीतून काढू नका. ज्या पेशींत ते असतं तो थरच तिथे नाही, एवढंच ती ओळ सांगते.

एएमएसीआरची गोष्ट उलटी आहे. विशिष्ट प्रकारची मेदाम्लं मोडायला मदत करणारं हे विकर. २००० सालाच्या आसपास एका वेळी हजारो जनुकांची अभिव्यक्ती मोजण्याचं तंत्र हाती आलं. निरोगी आणि कर्करोगाच्या ऊती शेजारीशेजारी ठेवून याद्या तपासल्या गेल्या, तेव्हा कर्कपेशींत ठळकपणे वाढलेलं जनुक म्हणून याचं नाव वर आलं. थोड्याच काळात ते रोजच्या पॅथॉलॉजीत रुळलं. प्रयोगशाळेतली यादी इतक्या लवकर रुग्णाच्या कामी आल्याची उदाहरणं फार नाहीत. तरी एकट्या एएमएसीआरवर कुणी निदान करत नाही, कारण कर्करोगपूर्व बदलांतही ते वाढतं आणि काही कर्करोगांत वाढतच नाही. ग्रंथिकांचा आकार, केंद्रकांचं रूप, पी-६३ आणि एएमएसीआर हे सगळं एकत्र पाहून पॅथॉलॉजिस्ट मत देतात. त्या एका ओळीमागे एवढा विचार असतो.

मग गर्भातली बाकीची जनुकं कर्करोगात काय करतात? एनकेएक्स ३.१ आठव्या गुणसूत्रावर असतं, आणि प्रोस्टेटच्या पुष्कळ कर्करोगांत त्या भागाची एक प्रत हरवलेली आढळते. उंदरात या जनुकाची एकच प्रत नाहीशी केली, तरी वय वाढल्यावर अस्तरात कर्करोगपूर्व बदल दिसू लागतात. होक्सबी-१३मध्ये एका अक्षराचा आनुवंशिक बदल २०१२ साली सापडला. तो असलेल्या पुरुषांना, आणि ते बहुतांशी युरोपीय वंशाचे आहेत, प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका कित्येक पट जास्त असतो. म्हातारपणी प्रोस्टेट वाढते तो कर्करोग नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. पण त्या वाढीबद्दलही पॅथॉलॉजिस्ट जॉन मॅक्नील यांनी १९७८मध्ये म्हटलं होतं, की गर्भातली जुनी क्षमता पुन्हा जागी झाल्यामुळे हे घडत असावं. बहुतेक कर्करोग मात्र ग्रंथीच्या मागच्या-बाहेरच्या भागात होतात आणि साधी वाढ मूत्रमार्गाभोवतीच्या भागात. म्हणूनच लघवीला त्रास होणं म्हणजे कर्करोग नव्हे, आणि त्रास नसणं म्हणजे कर्करोग नसल्याची खात्रीही नव्हे.

सगळ्यात चकित करणारा शोध २००५चा. मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नैयन यांच्या गटातल्या स्कॉट टॉमलिन्स यांनी अभिव्यक्तीच्या साठवलेल्या माहितीत असं जनुक शोधलं, जे सगळ्या रुग्णांत नव्हे पण काहींत अतोनात वाढलेलं असेल. ईआरजी हाती लागलं. ते एरवी रक्तवाहिन्यांच्या अस्तरात काम करतं, प्रोस्टेटच्या अस्तरात त्याला काही काम नसतं. मग ते तिथे आलं कसं? एकविसाव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून, ईआरजी शेजारच्या टीएमपीआरएसएस-२ या जनुकाच्या सुरुवातीला येऊन जोडलं गेलं होतं. हे दुसरं जनुक प्रोस्टेटमध्ये अँड्रोजेनच्या हुकमावर चालतं. त्यामुळे पुरुष-संप्रेरक आलं, की ईआरजीही वापरात येऊ लागलं. युरोपीय वंशाच्या रुग्णांत साधारण निम्म्या कर्करोगांत हा जोड सापडतो, पूर्व आशियात त्याचं प्रमाण बरंच कमी आहे. टीएमपीआरएसएस-२ हे नाव तुम्ही कोविडच्या काळात ऐकलं असेल. विषाणूला पेशीत शिरायला मदत करणारं ते हेच प्रथिन.

गर्भात जे पुरुष-संप्रेरक ग्रंथी घडवतं, तेच पुढे कर्करोगाला खाऊपिऊ घालतं, हे चार्ल्स हगिन्स यांनी शिकागोत १९४१ सालीच रुग्णांवर दाखवलं होतं. वृषणं काढल्यावर पसरलेला कर्करोगही ओसरतो, हे त्यांचं निरीक्षण. १९६६मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आजची संप्रेरक रोखणारी इंजेक्शनं त्याच मार्गाने जातात. तुमच्या वडिलांना ती द्यावीत का, हे त्यांच्या कर्करोगाच्या प्रतीवर (ग्रेडवर) आणि पसरण्यावर ठरेल. ते इथून सांगणं चुकीचं होईल.

प्रश्न : पीएसए वाढलं म्हणजे कर्कपेशी जास्त पीएसए बनवतात, असंच ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. हा गैरसमज सुशिक्षितांतही पक्का बसलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पीएसए हे केएलके-३ या जनुकाचं प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. हे जनुक अँड्रोजेन-ग्राहकाच्या थेट ताब्यात असतं. वर कुन्हांच्या प्रयोगात अस्तराच्या स्वतःच्या ग्राहकाचं जे काम सांगितलं, ते हेच : स्राव बनवणं. म्हणजे पीएसए ही प्रोस्टेटची खूण आहे, कर्करोगाची नाही. निरोगी ग्रंथीत ते नलिकांत आणि तिथून वीर्यात जातं. वीर्यात ते रक्ताच्या मानाने लाखो पट जास्त असतं.

कर्कपेशी प्रत्येकी पाहिली तर ती निरोगी पेशीइतकं किंवा त्याहून कमीच पीएसए बनवते. मग रक्तातला आकडा का चढतो? कारण तळपेशींचा थर आणि त्याखालचा पडदा नाहीसा झालेला असतो. वाफ्याचा बांध फुटला, की पाटाचं पाणी तेवढंच असूनही शेजारच्या शेतात शिरतं, तसं पीएसए रक्तात शिरतं. साताऱ्याच्या वाचकांच्या वडिलांच्या अहवालात पी-६३ दिसलं नाही, तो हाच फुटलेला बांध. ग्रंथी मोठी झाली, तिला सूज आली, जंतुसंसर्ग झाला किंवा कॅथेटर घातला, तरीही पीएसए वाढतं.

म्हणून आकडा एकटा वाचायचा नसतो. पूर्वापार मर्यादा मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅमची. ती ओलांडलेल्या पुरुषांच्या बायोप्सीत ढोबळमानाने चौघांपैकी एकाला कर्करोग सापडतो. उलट, अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ४ किंवा त्याहून कमी पीएसए असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली गेली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यातल्या सुमारे १५ टक्क्यांना कर्करोग निघाला. अमेरिकेत १९८६मध्ये या चाचणीला मान्यता मिळाली ती निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. कर्करोग शोधायला वापरण्याची परवानगी १९९४ची. आपल्याकडे ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात ती टाकून देतात आणि आकडा समजावून सांगायला समोर कुणी नसतं, हे मला अजिबात पटत नाही. तपासणीआधी डॉक्टरांशी बोलणं व्हायला हवं. आकडा वाढला तर तो पुन्हा तपासून पाहणं आणि गरज असल्यास बायोप्सीआधी एमआरआय, हा आता रुळलेला क्रम आहे.

आणखी एक. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सुरू असेल तर पीएसए सहा महिने ते वर्षभरात साधारण निम्म्यावर येतं. कारण उघड आहे : संप्रेरकाचा हुकूमच सौम्य होतो, त्यामुळे केएलके-३ची अभिव्यक्ती घटते. अशा माणसाचा ३ हा आकडा ६च्या बरोबरीचा समजावा लागतो. केस गळतात म्हणून घेतलेली कमी मात्रेची गोळीही यात मोडते, आणि ती घेतोय हे सांगायला लोक हमखास विसरतात.

प्रश्न : बायकांच्या शरीरात पीएसए असतं का? — एक वाचक, फोंडा (गोवा)

उत्तर : असतं, अगदी अल्प. मूत्रमार्गाच्या तोंडाशी स्त्रियांना छोट्या ग्रंथी असतात, त्या गर्भात प्रोस्टेटच्याच जागेतून उगवतात. तिथे आणि स्तनाच्या ऊतीतही पीएसए सापडतं. स्त्रियांनी ही चाचणी करून घेण्याचं मात्र काहीच कारण नाही.

प्रश्न : जनुकांच्या अभिव्यक्तीवरून कर्करोग आक्रमक आहे की सौम्य, हे कळतं म्हणतात. ही तपासणी सगळ्यांनी करावी का? — एक वाचक, पुणे

उत्तर : सगळ्यांनी नाही. पण ज्यांचा निर्णय अडला आहे, त्यांच्या ती कामी येऊ शकते.

देशातल्या कर्करोगाच्या नोंदी पाहता, पुण्यासारख्या शहरांत पुरुषांच्या कर्करोगांत प्रोस्टेट वरच्या क्रमांकांवर आली आहे. त्यामुळे हा प्रश्न वाढत जाणार. अडचण अशी, की प्रोस्टेटचे काही कर्करोग वेगाने पसरतात आणि बरेचसे माणसाला आयुष्यभर काही करत नाहीत. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासात ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा नुसतं बारकाईने लक्ष ठेवणं यांपैकी एक मार्ग दिला गेला. १५ वर्षांनंतर, म्हणजे २०२३च्या निष्कर्षांत, या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. लक्ष ठेवलेल्यांत कर्करोग पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, तर शस्त्रक्रिया झालेल्यांना लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांचा त्रास अधिक झाला. तेव्हा कुणाला हात लावायचा आणि कुणाला नाही, हे ओळखणं हाच खरा पेच आहे.

इथे अभिव्यक्तीच्या चाचण्या येतात. ऑन्कोटाइप डीएक्स ही चाचणी १७ जनुकांचे आरएनए मोजते, त्यातली १२ कर्करोगाशी निगडित आणि ५ तुलनेसाठी. प्रोलॅरिस ४६ जनुकं पाहते, मुख्यतः पेशी किती झपाट्याने विभागतात हे सांगणारी. डिसायफर २२ खुणा वाचते. लघवीच्याही चाचण्या आहेत. पीसीए-३ हा असा आरएनए आहे, की त्यापासून प्रथिन बनतच नाही, पण कर्कपेशींत तो निरोगी पेशींपेक्षा कैक पटींनी जास्त असतो. १९९९मध्ये त्याचं वर्णन झालं. पहिली बायोप्सी निर्दोष आलेल्या पुरुषांत दुसरी करावी का, हे ठरवायला त्याच्या चाचणीला २०१२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सिलेक्ट एमडीएक्स ही दुसरी चाचणी होक्ससी-६ आणि डीएलएक्स-१ यांचे आरएनए मोजते. दोन्ही गर्भाची घडण ठरवणाऱ्या घराण्यांतली जनुकं आहेत. प्रौढ माणसाच्या लघवीत त्यांची चाहूल लागावी, हे मला आजही विलक्षण वाटतं.

या चाचण्या आपल्याकडे सरसकट होत नाहीत आणि स्वस्तही नाहीत. बायोप्सीत कर्करोगाची प्रत अगदी सौम्य असेल किंवा उघडच आक्रमक असेल, तर त्यांनी निर्णय सहसा बदलत नाही. मधल्या रुग्णांत, जिथे लक्ष ठेवायचं की उपचार करायचे यावर डॉक्टरांचंही एकमत होत नाही, तिथे त्यांचा विचार जरूर करावा. शिवाय एकाच ग्रंथीत वेगवेगळ्या स्वभावाचे कर्करोग असू शकतात आणि सुईने आलेला तुकडा त्यातल्या एकाबद्दलच बोलतो, हे विसरू नये. मूत्ररोगतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून सल्ला देतात अशा ठिकाणी अहवाल दाखवणं, ही या चाचण्यांहून आधी करायची गोष्ट आहे.

बायोप्सी झालेल्या सगळ्यांना एक विनंती. तुमच्या ऊतीचे मेणात बसवलेले तुकडे, ज्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात, ते प्रयोगशाळेत असतात. मागितले तर रीतसर मिळतात. ऑन्कोटाइप, प्रोलॅरिस, डिसायफर या तिन्ही चाचण्या त्याच ब्लॉकवर होतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायलाही तेच लागतात. प्रयोगशाळा ते किती वर्षं ठेवते हे आजच विचारून घ्या, आणि ताब्यात घेतलेत तर अहवालासोबत, उन्हाची झळ लागणार नाही अशा जागी ठेवा.